हळद, लिंबू आणि टाकणखार: बोरॉन हाताने समजून घ्यायचा असेल तर

हळकुंडांचे तुकडे लिंबाच्या रसात भिजवायचे, त्यात टाकणखार घालायचा, काही ठिकाणी थोडी तुरटीही, मग सावलीत वाळवून कुटायचं. पिवळ्या हळदीचं लाल कुंकू होतं. पुष्कळांना वाटतं, चुना लागला की हळद लाल होते तसाच हा प्रकार. पण चुन्याने लाल झालेल्या हळदीवर लिंबू पिळून पाहा, ती लगेच पिवळी होते. कुंकवात तर लिंबाचा रस पहिल्यापासून आहे आणि तरीही ते लालच राहतं. ही लाली बोरॉनची आहे.

बोरॉनचा धडा अकरावी-बारावीत ज्यांनी पाठ केला, त्यांना तो आठवतो तो तुकड्यातुकड्यांत: बोरिक आम्ल दुर्बळ, डायबोरेनचे बंध विचित्र, टाकणखाराच्या मण्याचे रंग असे असे. वर्षानुवर्षं प्रॅक्टिकलं घेताना माझं मत असं झालं की हे सगळे तुकडे एकाच दोऱ्यात ओवता येतात, आणि तो दोरा वाचून सापडत नाही, हात घातल्यावर सापडतो. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. काही स्वयंपाकघराच्या टेबलावर जमतील, काहींना शाळेची प्रयोगशाळा आणि सोबत जाणतं माणूस लागेल. जिथे लागेल तिथे तसं लिहिलं आहे.

रिकामा पाट

बोरॉनचा अणुक्रमांक ५. दोन इलेक्ट्रॉन आतल्या कवचात, तीन बाहेरच्या. बाहेरच्या कवचात जागा मात्र चार कक्षकांची, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या जोडीला पुरतील अशा चार घरांची, आहे. धातूंसारखं तिन्ही इलेक्ट्रॉन टाकून मोकळं व्हावं म्हटलं, तर एका मोलमागे सुमारे ६,९०० किलोज्यूल ऊर्जा मोजावी लागते. त्याच गटातल्या ॲल्युमिनियमला हेच काम सुमारे ५,१४० मध्ये जमतं. म्हणून बोरॉन तो सौदा करत नाही. तो तीन शेजाऱ्यांशी इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतो, तीन बंध बांधतो आणि सहा इलेक्ट्रॉनांवर थांबतो. चौथा कक्षक मोकळाच राहतो.

पंगतीत चार पाट मांडले, तीनच पाहुणे आले, चौथ्या पाटापुढे पान वाढलेलं आहे, अशी ही अवस्था. ज्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची जादा जोडी असेल तो त्या पाटावर येऊन बसतो. कधी पाण्यातला हायड्रॉक्साइड, कधी अमोनिया, कधी फ्लोराइड, कधी साखरेचा ऑक्सिजन. पुढच्या प्रत्येक प्रयोगात एकच प्रश्न विचारायचा: आता पाटावर कोण बसलं?

सामान आणि सावधगिरी

टाकणखार, म्हणजे सवागी, काष्ठौषधींच्या दुकानात किंवा सोनारी सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. खडे वरून पांढरे पिठूळ झालेले असतात. तो मळ नव्हे, कोरड्या हवेत स्फटिकातलं थोडं पाणी उडालेलं असतं. पूर्वी हा खार तिबेटातल्या सरोवरांच्या काठांवरून हिमालय ओलांडून खाली येई, लडाखच्या पुगा खोऱ्यातही तो सापडतो. आज जगातले सर्वांत मोठे साठे तुर्कस्तानात आहेत आणि भारत आपली गरज आयातीवर भागवतो. गुणात्मक प्रयोगांना बाजारचा खडा चालतो. अनुमापनाला, म्हणजे ब्युरेटमधून थेंबाथेंबाने मोजून करायच्या प्रयोगाला, मात्र प्रयोगशाळेच्या प्रतीचाच घ्या.

पापडखार आणि टाकणखार यांत गल्लत करू नका. पापडखार सोडियमच्या कार्बोनेटांचा असतो. टाकणखार किंवा बोरिक आम्ल खाण्यात घालायला आपल्याकडे परवानगी नाही. आणखी एक सांगितलंच पाहिजे. तान्ह्या बाळाच्या तोंडात मधातून टाकणखाराची लाही चाटवायची जुनी पद्धत आहे. ती सोडून द्या. बोरॉनची संयुगं अंगात साठत गेली तर बाळाला झटके येऊ शकतात, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही देऊ नये असं डॉक्टर सांगतात. प्रयोगाची भांडी वेगळी ठेवा, हात धुवा, जखमेवर पूड लागू देऊ नका. गरोदर बाईने ही पूड हाताळू नये.

पहिली पायरी: विरघळवा आणि तापवा

एक ग्रॅम टाकणखार १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. लाल लिटमस निळा होतो. पीएच कागद असेल तर ९ च्या थोडं वर दाखवतो. आता त्यातले १० मिलिलिटर घेऊन १०० पर्यंत पाणी घाला आणि पुन्हा पीएच पाहा. दहापट पातळ केलं तरी आकडा जवळजवळ हलत नाही. नुसत्या धुण्याच्या सोड्याचं द्रावण असं वागत नाही.

कारण टाकणखाराच्या रचनेत आहे. पुस्तकात त्याला सोडियम टेट्राबोरेट डेकाहायड्रेट म्हणतात, दहा रेणू पाण्यासह. प्रत्यक्षात त्यातलं काही पाणी हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) होऊन बोरॉनलाच चिकटलेलं असतं. त्या ऋण आयनात चार बोरॉन आहेत: दोघांचे पाट भरलेले, दोघांचे रिकामे. पाण्यात गेल्यावर चारांपैकी दोन बोरेट आयन होतात आणि दोन बोरिक आम्ल. आम्ल आणि त्याचा क्षार बरोबर निम्मे-निम्मे. म्हणून पीएच बोरिक आम्लाच्या स्वतःच्या आकड्याजवळ, ९.२४ च्या आसपास, येऊन बसतो आणि तिथून हलायला कुरकुरतो. पीएच मीटर जुळवायला जी ९.१८ ची बाटली मिळते, तिच्यात टाकणखारच असतो.

आता दुसरा खडा लोखंडी पळीत मंद आचेवर ठेवा. तो आधी आपल्याच पाण्यात विरघळल्यासारखा होतो, मग फसफसून फुगतो आणि पांढरी, हलकी लाही उरते. वैद्य याला टंकणाची शुद्धी म्हणतात. पूर्ण पाणी गेलं तर वजन ४७ टक्क्यांनी कमी होतं. पाच ग्रॅमचे साधारण २.६ ग्रॅम उरतात. पळीवर सगळं पाणी जात नाही, त्यामुळे तुमचा आकडा जरा जास्त येईल. पळीसकट आधी आणि नंतर तोलून पाहा.

दुसरी पायरी: हळदीचा कागद

हा माझा सर्वांत आवडता भाग आहे. घरात करता येतो आणि कुंकवाचं कोडं इथेच सुटतं.

एक चमचा हळद ५० मिलिलिटर स्पिरिटमध्ये हलवून अर्धा तास ठेवा. गाळा. गाळणकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. पट्ट्या लागतील चार, कारण तुलनेशिवाय हा प्रयोग फसवतो.

पहिल्या पट्टीवर धुण्याचा सोडा विरघळवलेल्या पाण्याचा थेंब टाका. ती क्षणात तांबूस-तपकिरी होईल. त्यावर लिंबाचा थेंब पडला की परत पिवळी. दुसऱ्या पट्टीवर फक्त विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ती वाळवा. ही ‘कोरी’ पट्टी, आम्लाने स्वतः किती रंग येतो ते सांगणारी. तिसरी आणि चौथी पट्टी टाकणखाराच्या द्रावणात बुडवायची, पण त्या द्रावणात आधी तेच विरल आम्ल इतकं घालायचं की निळा लिटमस लाल व्हावा. काढल्यावर लगेच काहीच घडत नाही. इथे पोरं पट्टी टाकून देतात. पट्टी उकळत्या पाण्याच्या भांड्यावरच्या झाकणीवर वाळवा. पाणी उडत जातं तसतशी ती तांबडी होत जाते. चौथ्या पट्टीवर आता सोड्याचा किंवा अमोनियाचा थेंब टाका. ती पिवळी होत नाही, उलट हिरवट-काळी, निळसर-काळी होते. आम्ल लावलं की पुन्हा तांबडी.

हळदीतल्या कर्क्युमिनच्या मधोमध दोन ऑक्सिजन शेजारी शेजारी आहेत. ते दोघे मिळून बोरॉनला चिमट्यात धरतात, रिकामा पाट भरतो आणि सगळ्या रेणूचा प्रकाश शोषायचा पट्टा सरकतो. हे होताना पाण्याचे रेणू बाहेर पडतात, म्हणून वाळवल्याशिवाय रंग येत नाही. कुंकू करताना लिंबू कशाला आणि वाळवणं कशाला, याचं उत्तर तुमच्या हातातल्या पट्टीवर आहे. लिंबाचं आम्ल टाकणखारातून बोरिक आम्ल सुटं करतं, वाळवण पाणी काढून घेतं.

खाद्यपदार्थात टाकणखाराची भेसळ पाहायला हीच चाचणी वापरतात: पदार्थ जाळून राख करायची, राख आम्लात विरघळवायची, मग पट्टी. लोखंडाचे क्षार आणि काही इतर धातूही तांबूस छटा देतात. अल्कली लावल्यावर हिरवट-काळा रंग आला, तरच बोरॉन म्हणा.

तिसरी पायरी: बोरिक आम्ल काढणं

इथून पुढे प्रयोगशाळा.

दहा ग्रॅम टाकणखार ४० मिलिलिटर उकळत्या पाण्यात विरघळवा. पाणी गरमच हवं. २० अंशांना १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम पावणेपाच ग्रॅम विरघळतो, उकळत्या पाण्यात त्याच्या दहापटीहून जास्त. पाच मिलिलिटर संहत हायड्रोक्लोरिक आम्ल तेवढ्याच पाण्यात आधी मिसळून घ्या आणि मग हळूहळू त्या गरम द्रावणात ओता. निळा लिटमस लाल झाला पाहिजे. भांडं बाजूला ठेवून द्या, ढवळत बसू नका. थंड होताना मोत्यासारखे चमकणारे पातळ पापुद्रे तरंगू लागतात. शेवटी बर्फात ठेवा, गाळा, बर्फाच्या थोड्याशाच पाण्याने धुवा.

हिशेब असा: टाकणखाराचा १ रेणू आणि आम्लाचे २ रेणू मिळून बोरिक आम्लाचे ४ रेणू, मिठाचे २ आणि पाण्याचे ५. दहा ग्रॅममागे साधारण साडेसहा ग्रॅम बोरिक आम्ल यायला हवं. हाती पाच ग्रॅमच्या आसपास येतं, कारण बर्फाळ पाण्यातही दर १०० मिलिलिटरला अडीच-तीन ग्रॅम विरघळून राहतं. कुणी वहीत साडेसहा ग्रॅम लिहिले असतील तर पापुद्रे ओले तोलले आहेत, किंवा मित्राची वही जवळ होती. १७०२ साली होमबर्ग या रसायनशास्त्रज्ञाने टाकणखारातून हे आम्ल काढलं तेव्हा त्याला ‘शामक क्षार’ असं नाव दिलं होतं.

वाळलेले पापुद्रे चिमटीत चोळा. साबणासारखे गुळगुळीत लागतात. बोरिक आम्लाचा रेणू सपाट आहे: मध्ये बोरॉन, तीन कोपऱ्यांना हायड्रॉक्सिल. शेजारचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांचे हात धरून पत्र्यासारखा थर करतात. एका थराचं दुसऱ्याशी नातं मात्र फार सैल, म्हणून थर घसरतात. कॅरमच्या बोर्डावर स्ट्रायकर पळतो तो याच घसरगुंडीवर. (बाजारातल्या काही कॅरम पावडरी नुसत्या स्टार्चच्या असतात. हळदीची पट्टी हातात आहेच, तपासून पाहा.) झुरळांसाठी कणकेत मिसळून गोळ्या करतात तीही हीच पूड. त्या गोळ्या रांगत्या मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशाच जागी ठेवा.

चौथी पायरी: आम्ल, पण उधारीचं

बोरिक आम्लाच्या सूत्रात तीन हायड्रोजन दिसतात म्हणून त्याला त्रिभाज, म्हणजे तीन प्रोटॉन देणारं, आम्ल ठरवणारी उत्तरपत्रिका दरवर्षी येते. ते एकभाज आहे, आणि स्वतःचा एकही हायड्रोजन ते देत नाही. ते पाण्याच्या रेणूतला हायड्रॉक्साइड आपल्या रिकाम्या पाटावर बसवून घेतं, आणि पाण्याचा उरलेला प्रोटॉन द्रावणात मोकळा फिरतो. आम्लता आली खरी, पण दुसऱ्याच्या खिशातून.

हे डोळ्यांनी पाहायचं तर एक टक्का टाकणखाराच्या द्रावणात दोन थेंब फिनॉल्फथॅलीन (अल्कलीत गुलाबी, आम्लात बिनरंगी राहणारा दर्शक) घाला. गडद गुलाबी. आता औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन थोडं थोडं ओतत हलवा. रंग विरतो आणि द्रावण बिनरंगी होतं. ग्लिसरीन स्वतः उदासीन आहे, आम्ल नावालाही घातलेलं नाही. हीच परीक्षानळी गरम पाण्यात धरा, गुलाबी परत येतो. गार करा, पुन्हा जातो. याला डन्स्टनची चाचणी म्हणतात आणि एरवी ती ग्लिसरीन ओळखायला वापरतात.

ग्लिसरीनमध्ये शेजारच्या कार्बनांवर हायड्रॉक्सिल आहेत. कर्क्युमिनसारखाच हाही चिमटा. बोरॉनला तो पकडतो तेव्हा बोरॉन चार बंधांत पक्का बसतो आणि पाण्याकडून सुटलेला प्रोटॉन परत घ्यायला कुणी उरत नाही. दुर्बळ आम्ल एकाएकी बऱ्यापैकी जोरकस होतं. उष्णतेने चिमटा सैल होतो, गारव्याने आवळतो.

आता अनुमापन. शुद्ध टाकणखार ०.३८१४ ग्रॅम, म्हणजे एका मोलचा हजारावा भाग, पाण्यात विरघळवा. मिथिल रेड दर्शक घालून ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेट करा. शेवट २० मिलिलिटरला येतो. या क्षणी फ्लास्कमध्ये फक्त मीठ आणि बोरिक आम्ल आहे. आता फिनॉल्फथॅलीन घालून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. रंग आळसावल्यासारखा येतो, शेवट कुठे ते ठरवता येत नाही. दुसरा फ्लास्क घ्या, तिथपर्यंत तसंच करा, पण अल्कली सोडण्यापूर्वी मॅनिटॉलचे (शेजारी शेजारी हायड्रॉक्सिल असलेला साखरेचा नातलग) दोन-तीन ग्रॅम किंवा भरपूर ग्लिसरीन घाला. मिथिल रेड पुन्हा तांबडा होतो, तो अल्कली पडू लागल्यावर पिवळा होईल आणि मग फिनॉल्फथॅलीनचा गुलाबी रंग टचकन येईल. ब्युरेटवर वाचा: ४० मिलिलिटर. आम्ल २०, अल्कली ४०. पहिला आकडा सांगतो टाकणखारात सोडियम दोन, दुसरा सांगतो बोरॉन चार. सूत्र पाठ करण्याऐवजी तुम्ही ते ब्युरेटमधून काढलंत. (ग्लिसरीन कधी कधी स्वतः जरा आम्लधर्मी असतं. ते वापरलं तर नुसत्या ग्लिसरीनवर एक कोरं वाचन घ्या.)

पाचवी पायरी: हिरवी ज्योत

ही पायरी शिक्षकांनी करून दाखवायची, मुलांनी दोन मीटर लांबून पाहायची. चिनी मातीच्या बशीत अर्धा ग्रॅम बोरिक आम्ल, पाच मिलिलिटर इथाइल अल्कोहोल, आणि सावकाश एक मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल. लांब काडीने पेटवा. ज्योतीच्या कडा हिरव्या होतात, अंधाऱ्या खोलीत फार सुंदर दिसतात.

अल्कोहोलचे तीन रेणू बोरॉनभोवती बसून इथाइल बोरेट तयार होतं, पाणी सल्फ्युरिक आम्ल ओढून घेतं. हे बोरेट बाष्पनशील आहे, म्हणून बोरॉन वाफेबरोबर ज्योतीत चढतो. मिथाइल अल्कोहोलने हे आणखी सहज होतं, कारण मिथाइल बोरेट ६८-६९ अंशांनाच उकळतं. पण ते विषारी आहे, वर्गात मी वापरत नाही. तांबं आणि बेरियमही हिरवी ज्योत देतात. फरक असा की त्यांचे क्षार ज्योतीत धरावे लागतात, बोरॉन आपल्या पायाने वर जातो.

ज्योत विझत आली म्हणून बाटलीतून अल्कोहोल थेट बशीत कधीही ओतू नका. दिवसाउजेडी अल्कोहोलची ज्योत दिसत नाही, धार पेटते आणि बाटली हातात फुटते. असे अपघात जगभरच्या वर्गांत झाले आहेत, मुलं भाजली आहेत. पुन्हा दाखवायचं असेल तर बशी झाकून विझवा, पूर्ण गार होऊ द्या, नवी बशी घ्या.

सहावी पायरी: मणी, आणि सोनाराची सवागी

काचेच्या दांडीत बसवलेल्या प्लॅटिनमच्या तारेला टोकाशी दोन-तीन मिलिमीटरचं कडं करा. लाल तापवून टाकणखारात बुडवा, पुन्हा ज्योतीत धरा. आधी लाही फुगते, मग आवळते आणि कड्यात काचेसारखा स्वच्छ मणी उरतो. प्लॅटिनम महाग म्हणून पुष्कळ ठिकाणी नायक्रोमची तार असते. ती निकेल-क्रोमियमचीच असल्याने कोरा मणी आधी नीट तापवून, त्याला स्वतःचा रंग आलेला नाही ना, एवढं पाहून घ्या.

गरम मण्याला क्षाराचा एकच कण चिकटवा. एकच म्हणजे एकच. कोबाल्टचा चिमूटभर घेणाऱ्याचा मणी काळाकुट्ट होतो आणि मग तो ‘सर, हे कार्बन आहे का?’ विचारतो. बर्नरच्या निळ्या बाहेरच्या ज्योतीत तांब्याचा मणी गरम असताना हिरवा, गार झाल्यावर निळा. आतल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या ज्योतीत तोच तांबडा आणि अपारदर्शक. कोबाल्ट दोन्हीकडे गडद निळा. मँगनीज बाहेरच्या ज्योतीत जांभळा, आतल्या ज्योतीत रंगहीन. क्रोमियम हिरवा. लोखंड बाहेर पिवळसर-तपकिरी, आत बाटलीसारखं हिरवं.

तापल्यावर टाकणखाराचे सोडियम मेटाबोरेट आणि बोरॉन ट्रायऑक्साइड असे दोन भाग होतात. ट्रायऑक्साइड धातूच्या ऑक्साइडाला आपल्यात विरघळवून त्याचं बोरेट करतो. सोनार डाख देताना सांध्याला सवागी लावतो त्यामागचं कारण हेच. सोन्यातलं तांबं तापल्यावर काळवंडतं, वितळलेली सवागी तो काळा ऑक्साइड खाऊन टाकते, वरून हवा रोखते, आणि डाख स्वच्छ धातूवर पसरतो. सोनाराच्या मुशीच्या कडेला कधी हिरवट-निळी काच चिकटलेली दिसेल. तो तुमचाच तांब्याचा मणी.

प्रयोगशाळेतली काचेची भांडीही याच कुळातली. वाळूच्या काचेत सुमारे १२-१३ टक्के बोरॉन ट्रायऑक्साइड घातलं की तापल्यावर काच पसरते ती साध्या खिडकीच्या काचेच्या जेमतेम एक-तृतीयांश, म्हणून उकळतं पाणी ओतलं तरी तडकत नाही.

जे हाताने करायचं नाही

शुद्ध बोरॉन वर्गात करू नये. गे-ल्युसाक आणि थेनार यांनी पॅरिसमध्ये, डेव्हीने लंडनमध्ये १८०८ साली तो प्रथम वेगळा केला, पण मळका. खरा शुद्ध बोरॉन मिळायला त्यापुढे शंभर वर्षं लागली. मॅग्नेशियमने बोरॉन ट्रायऑक्साइडचं क्षपण, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेणं, कागदावर सोपं दिसतं. मात्र उरलेल्या मॅग्नेशियम बोराइडवर आम्ल पडलं की बोरेनं, म्हणजे बोरॉन आणि हायड्रोजनची संयुगं, सुटतात आणि हवेत आपोआप पेटतात. या बोरेनांवर जर्मनीत आल्फ्रेड श्टोकने १९१२ पासून काम केलं, हवा लागू नये म्हणून पाऱ्याच्या झडपांची सगळी यंत्रणा स्वतः उभारली, आणि त्या पाऱ्यानेच त्याची तब्येत गेली.

डायबोरेनमध्ये सहा हायड्रोजन आणि दोन बोरॉन, बंधांसाठी इलेक्ट्रॉन मात्र बाराच. इथे पाटावर बसायला बाहेरचं कुणीच नाही, म्हणून दोन हायड्रोजन दोन्ही बोरॉनांच्या मध्ये बसतात आणि प्रत्येक पुलात दोन इलेक्ट्रॉन तीन अणूंना धरून ठेवतात. ही रचना १९४३ मध्ये ऑक्सफर्डच्या लाँग्वेट-हिगिन्सने मांडली तेव्हा तो पदवीचा विद्यार्थी होता. बोरेनांच्या रचनेसाठी लिप्सकम यांना १९७६ चं नोबेल मिळालं, आणि त्यांचा सेंद्रिय रसायनात उपयोग केल्याबद्दल हर्बर्ट ब्राउन यांना १९७९ मध्ये.

बोरॉनच्या हॅलाइडांबद्दल, म्हणजे फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिनशी झालेल्या संयुगांबद्दल, एकच सांगतो, कारण परीक्षेत इथेच चुकतात. फ्लोरिन सर्वांत जास्त इलेक्ट्रॉन ओढतो, तेव्हा ट्रायफ्लोराइड सर्वांत भुकेलं असायला हवं. असतं उलटं: या तिघांत ट्रायब्रोमाइड सर्वांत जोरकस, मग ट्रायक्लोराइड, शेवटी ट्रायफ्लोराइड. फ्लोरिन एका हाताने ओढतो आणि दुसऱ्या हाताने स्वतःची जादा जोडी त्याच रिकाम्या कक्षकात थोडी सरकवून देतो. पाट अर्धा भरल्यासारखा होतो. ब्रोमिनच्या मोठ्या कक्षकाला हे नीट जमत नाही.

शेवटची पायरी: चिकट गोळा आणि द्राक्षाचा देठ

पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या चार टक्के द्रावणाचे ५० मिलिलिटर घ्या, त्यात चार टक्के टाकणखाराचे दहा मिलिलिटर घालून ढवळा. काही सेकंदांत लिबलिबीत गोळा होतो, मुलं ज्याला स्लाइम म्हणतात तो. बोरेट दोन लांब साखळ्यांच्या हायड्रॉक्सिलना एकाच वेळी पकडून टाचणीसारखं टाचतो. टाचण्या सुटत-लागत राहतात, म्हणून गोळा हळू ओढला तर ताणतो, झटक्यात ओढला तर तुटतो.

वनस्पतींना बोरॉन लागतो तोही याच टाचणीसाठी. पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनच्या साखळ्या बोरेटने जोडलेल्या असतात. बोरॉन कमी पडला की जिथे नव्या भिंती बांधल्या जातात तिथेच बिघाड दिसतो: शेंडे मरतात, फ्लॉवरचा दांडा पोकळ होतो, पपई खडबडीत होते, द्राक्षाच्या घडात मोठ्या मण्यांत बारके मणी राहतात. बहुतेक पिकांत बोरॉन जुन्या पानांतून नव्याकडे सरकत नाही, म्हणून कमतरता कोवळ्या भागात आणि जास्तीची लक्षणं जुन्या पानांच्या कडांवर. सफरचंदात तो सरकतो, कारण तिथे सॉर्बिटॉल त्याला चिमट्यात धरून नेतो. तुमच्या फ्लास्कमधल्या मॅनिटॉलचाच भाऊ.

कोकणासारख्या भरपूर पावसाच्या तांबड्या जमिनीत तो कमी का पडतो, हेही चौथ्या पायरीत आलं आहे. ९ च्या खालच्या पीएचला बोरॉन बहुतांशी बोरिक आम्ल म्हणून असतो, त्यावर विद्युतभार नसतो, मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत आणि पाऊस घेऊन जातो.

फवारणीआधी माती आणि देठ परीक्षण करून घ्या, मात्रा त्यावरून ठरवा. हिशेब मात्र स्वतःला यायला हवा. टाकणखारात बोरॉन ११.३ टक्के, बोरिक आम्लात १७.५, आणि ‘बोरॉन २०’ म्हणून मिळणाऱ्या विद्राव्य खतात २०. समजा सल्ला आला, २०० लिटर पाण्याला ‘बोरॉन २०’ चे २०० ग्रॅम. म्हणजे ४० ग्रॅम बोरॉन. तेवढ्यासाठी बोरिक आम्ल २२९ ग्रॅम लागेल, टाकणखार ३५३ ग्रॅम, आणि तो आधी बादलीभर गरम पाण्यात पूर्ण विरघळवून मगच टाकीत. बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांच्यातली वाट फार अरुंद आहे. पंपात थोडं जास्त पडलं तर पानांच्या कडा करपतात आणि ते परत काढून घेता येत नाही.

तेव्हा आजच्या प्रयोगांतलं उरलेलं पाणी बाल्कनीतल्या कुंडीत ओतू नका. त्यातलं आम्लाचं पाणी सोड्याने उदासीन करा आणि सगळं भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडा. हळदीच्या पट्ट्या वहीत चिकटवून ठेवा, चौथी मात्र आम्लाचा थेंब देऊन तांबडी करून.